अंगणातली मांजरा

मराठवाड्यात जाऊन आले म्हटलं की आमच्या रत्नागिरीत पहिला प्रश्न येतो, "तिथं बघण्यासारखं काय आहे हो?" बघण्यासारखं एक अंगण होतं. ते बघायलाच मी गेले होते आणि ते मोडताना बघून आले. दमून आले, हेही आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुठे सूर चिडका लागला तर वाचकांनी समजून घ्यावं.

मी अध्यापक विद्यालयात शिकवते. पाचवी ते सातवीच्या मुलांना इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र आणि चिमूटभर अर्थशास्त्र कसं शिकवावं, हे होऊ घातलेल्या शिक्षकांना सांगते. या विषयांची शाळेतली अवस्था लग्नघरातल्या लांबच्या पाहुण्यासारखी असते. बोलावलेलं असतं, पण कुणी विचारत नाही. वेळापत्रकात जेवणानंतरचा पेंगुळलेला तास यांचाच. मुलं राजधान्या पाठ करतात, नद्यांची नावं एका श्वासात म्हणतात आणि घरी जातात. इतकी वर्षं हे ऐकून मलाच माझ्या विषयाचा वीट आला होता.

अशात माझी जुनी विद्यार्थिनी मीरा हिनं कळवलं, की तिच्या माहेरच्या गावी, चाकूरच्या बाजूला, बसवंतअप्पा नावाच्या गुरुजींनी शाळेच्या अंगणात जिल्ह्याचा नकाशा केला आहे. कागदावर नाही, मातीत आणि दगडात. त्यात डोंगर आहेत, नद्यांचे चर आहेत, आणि पाऊस पडला की त्या नद्या खरोखर वाहतात. ते वाचून मी कितीतरी दिवसांनी उठून बसले. निवृत्तीपूर्वी एक तरी जिवंत धडा बघावा आणि आपल्या पोरांना नेऊन सांगावा, एवढीच इच्छा होती. नांदेड-लातूरच्या शाळांमधले पाठ पाहण्याचं काम मागून घेतलं आणि निघाले. वर्ष दुष्काळाचं होतं, हे माहीत होतं. दुष्काळ म्हणजे काय, हे माहीत नव्हतं.

नांदेड

मीरा आता नांदेडला शिक्षिका आहे. तिच्याच घरी उतरले. सकाळी सुशीला खाल्ली. ही कुणी बाई नव्हे, भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला नाश्ता आहे आणि फार चांगला लागतो. मग मी पाणी प्यायला मोरीत गेले आणि आमच्याकडच्या सवयीनं आधी तांब्या खळखळून विसळला, ते पाणी ओतून दिलं, मग भरला. मागे मीराच्या सासूबाई उभ्या होत्या.

"तुमच्या मुलखात लई पानी दिसतंय," त्या म्हणाल्या. रागानं नाही. 'तुमच्याकडे नारळ होतात ना' असं म्हणावं तशा सुरात. ते वाहून गेलेलं पाणी त्यांनी मोरीच्या तोंडाशी ठेवलेल्या बादलीत जमा झालेलं मला दाखवलं. त्यावर भांड्यांचा पहिला हात होणार होता. मी दिवसभर कुठल्याच भांड्याला हात लावला नाही.

दुपारी मीरा शाळेतून आली ती गावाहून आलेला निरोप घेऊनच. "बाई, लवकर जा. पाणाड्यानं गावात बोअरची जागा दाखवलीया. नारळ तळहातावर उभा राहिला तो गुरुजींच्या नकाशावर."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, नारळ उभा राहतोय तिथं खाली पाणी. तिथं बोअर पाडणार. आता फक्त ग्रामसभा व्हायची राहिलीया."

मी तिथूनच चाकूरची गाडी धरायला हवी होती. पण किनवटच्या शाळेचा दिवस ठरलेला होता, आणि सरकारी कामाचा ठरलेला दिवस म्हणजे लग्नाचा मुहूर्त. मुलगा पळून गेला तरी मांडव घालावाच लागतो.

किनवट

रेल्वे जंगलातून जाते असं ऐकलं होतं. जंगल होतं, पण सागाला एक पान नव्हतं. वसतिगृहाच्या शाळेत सहावीचा तास चालला होता, 'राज्याची साधनसंपत्ती'. मुलं लांबलांबच्या जंगलातल्या गावांतून आलेली. तरुण शिक्षकानं विचारलं, मुलांनी एका सुरात सांगितलं: सागवान, बांबू, तेंदूपत्ता, मोह. झाला धडा.

मी एका मुलाला विचारलं, "तुमच्या गावात यातलं काय काय आहे?"

"सगळंच हाय," तो म्हणाला. "पन सागवान सरकारचं हाय. मोह आमचा हाय."

शिक्षक ओशाळला. मी त्याला म्हटलं, ओशाळू नका, हाच धडा आहे, हा पुस्तकात नाही एवढंच. तो म्हणाला, "बाई, मी बी हेच शिकवावं म्हणून राहिलो. पन परीक्षेत येत न्हाई ना." प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांत मीही आहे.

रात्री मुलांबरोबर वरण-भात जेवले. परतताना हदगावजवळ बस बिघडली. कापसाच्या रिकाम्या गाड्यांच्या सावलीला बसून दुपार काढली. शेजारी बसलेल्या बाईनं कुठं निघालात विचारलं. मी म्हटलं, नकाशा बघायला. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी घाईनं तिच्याच गावाचं नाव विचारलं.

लातूर

चाकूर वाटेतच लागलं, पण उतरता आलं नाही. शाळा बघायच्या परवानगीचा शिक्का लातूरला होता.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालेलं. ज्याच्यात्याच्या पाटीवर 'जिल्हा' हा शब्द कोरा करकरीत. कचेऱ्या भाड्याच्या घरांत. एका ओसरीवर फायली आणि मागच्या दारी घरमालकाची म्हैस. या साऱ्या शहरात खूश कुणी असेल तर पाट्या रंगवणारे. नळाला मात्र पाणी कधी येतं, हे सांगायला कुणी तयार नव्हतं.

तिथल्या एका शाळेत भिंतीवर जुनाच नकाशा होता, उस्मानाबाद जिल्ह्याचा, आणि अर्ध्या भागावर 'लातूर' लिहिलेली चिठ्ठी डकवलेली. मी पाचवीला विचारलं, "आपला जिल्हा कोणता?"

एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, पुस्तकातला सांगू का खरा?"

शिक्का देणारे साहेब सज्जन होते. थकलेले होते, नवा जिल्हा म्हणजे कामं सगळी आणि खुर्च्या निम्म्या. गुरुजींच्या नकाशाबद्दल त्यांनी ऐकलं होतं. "जुन्या जिल्ह्याचा ना तो? आता त्याचा उपयोग काय?" म्हणाले. मग माझा चेहरा बघून म्हणाले, "तरी तुमच्या अहवालात 'जतन करावा' असं लिहा. मी ग्रामपंचायतीला कळवतो. बोअर दुसरीकडं घेतील. शाळेची जागा आहे, आमचं ऐकावं लागतं."

एक ओळ लिहायची होती. लातूरहून परत निघताना माझ्या पिशवीत शिक्का होता आणि डोक्यात ती ओळ तयार होती. प्रवासात पहिल्यांदाच मला बरं वाटत होतं.

आपलं गाव

चाकूरपासून आत, बैलगाडीच्या वाटेनं. गावाचं नाव मी मुद्दाम घालत नाही. गुरुजी कायम 'आपलं गाव' म्हणत, मीही तेच म्हणते.

बसवंतअप्पा गुरुजी शाळेच्या दारात उभे होते. धोतर, टोपी, कपाळावर विभूतीचे पट्टे. अंगानं काटकुळे. "शरणार्थ, बाई," म्हणाले, आणि मला घराकडे नेण्याऐवजी सरळ अंगणात घेऊन गेले. पाहुण्याला आधी देव दाखवावा तसं.

शाळेच्या भिंतीपासून कडुनिंबापर्यंत अख्खा जुना जिल्हा पसरला होता. भिंतीच्या बाजूला काळ्या दगडांचा बालाघाट. तिथून निघालेला मांजरेचा चर, तळाशी पांढरे गोटे बसवलेला. दक्षिणेकडून तेरणा येऊन मिळालेली. तालुक्याच्या जागी एकेक विटेचा तुकडा. जिल्हा संपला तरी गुरुजींनी नदी सोडली नव्हती. पुढे बीदरकडे नेऊन, उत्तरेला वळवून, कडुनिंबाच्या बुंध्याशी पुरलेल्या एका फुटक्या रांजणात सोडली होती. तो रांजण म्हणजे गोदावरी.

"अर्ध्या वाटेवर पोरांना कसं सोडावं?" ते म्हणाले. "नदी जिल्ह्यात थांबत न्हाई."

"आणि आपलं गाव कुठाय यात?" मी विचारलं.

ते हसले. "गाव बसत न्हाई बाई. ज्वारीचा दाणा ठिवला तरी मोठा होतोय. दरवर्षी पोरं हेच इच्यारतेत."

मग त्यांनी इतिहास सांगितला, उभ्याउभ्याच. "मी ल्हान होतो तवा आपला जिल्हा बीदर. राज्य निजामाचं, शाळा उर्दूत. मग पोलीस ॲक्शन झाली. पुढं आपन उस्मानाबादला गेलो. आता लातूर. गाव हाय तिथंच हाय. पोरास्नी मी सांगतो, इतिहास म्हंजे हेच. तुमी बसल्या जागी बसा, रेघा तुमच्या अंगावरनं जातेत."

मांजरा कशी वाहते ते दाखवण्यासाठी ते कधी पाणी ओतत नसत. ते काम पावसाचं. पहिली मोठी सर आली की सगळी शाळा व्हरांड्यात उभी राहायची आणि आभाळच धडा घ्यायचं. पण गेली काही वर्षं पाऊस असा पडलाच नव्हता. आताच्या सातवीनं मांजरा वाहताना एकदाही पाहिली नव्हती. गुरुजींना सलत होतं ते हे. ही मुलं आता शाळा सोडून जाणार होती.

बालाघाटाच्या कुशीत एक खुंटी ठोकलेली होती, तिला हळद-कुंकू लावलेलं. पाणाड्याची जागा.

जेवायला गुरुजींच्या घरी. ज्वारीची भाकरी, येसर आमटी, शेंगदाण्याची चटणी. मी ताटातच हात धुतले, ताटातलं पाणी गुरुजींच्या पत्नी शिवकांताकाकूंनी म्हशीच्या आंबोणात घातलं. नांदेडनं मला एवढं तरी शिकवलं होतं. गुरुजी ओट्यावर गेले तेव्हा काकू माझ्याजवळ सरकल्या.

"बाई, तुमची सायबाशी वळख हाय म्हनं. सांगा की, दुसरीकडं पाडा म्हनावं. त्येंनी ह्या नकाशापायी चाकूरची बदली घेतली न्हाई. भाकरी गोड लागंना झालीया त्यास्नी."

मी त्यांना साहेबांची गोष्ट सांगितली. एक ओळ लिहिली की झालं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तशीच ओट्यावर गेले आणि गुरुजींनाही सांगितलं. वाटलं होतं, हात जोडतील.

"माझा जीव तुटतोय, खोटं कशाला बोलू," ते म्हणाले. "पन बाई, लिहू नका. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ग्रामसभेचा धडा हाय. तो मीच शिकवलाय ह्या गावाला. सरपंच माझाच इद्यार्थी. त्या धड्यात असं कुठं हाय का, की ग्रामसभा बसायच्या आदी वरनं निरोप आणावा?"

असं त्या धड्यात नव्हतं. मला चांगलंच ठाऊक आहे, तो धडा मी परीक्षेला घालत आले आहे.

ग्रामसभा दुसऱ्या दिवशी त्याच अंगणात भरली. माणसं नकाशाच्या कडेकडेनं बसली. कुणीही चुकूनसुद्धा मांजरेत पाय ठेवला नाही. गुरुजींनी सातवीचा वर्ग एका बाजूला बसवला होता. आज नागरिकशास्त्राचा तास इथंच.

सरपंच माधवराव, तिशीचा धिप्पाड गडी, उभा राहिला आणि शाळकरी पोरासारखा हाताची चाळवाचाळव करू लागला. "टँकर येतोय त्यो पुरंना. पाणाड्यानं सारं शिवार पालथं घातलं. नारळ ह्याच जागी उभा ऱ्हायला. गुरुजी, तुमी न्हाई म्हनला तर विषय हितंच संपला."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "दुसरी जागाच नाही का?"

गयाबाई म्हणून एक वयस्क बाई डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "बाई, तुमच्याकडं पानी हाय. म्हून तुमास्नी जागा निवडता येतीया."

मी खाली बसले. गुरुजी उठले. "माधव, गुरुजीचं मत एकच असतंय. ह्येला इच्यार, त्याला इच्यार, मग मोज," म्हणाले. आणि हात वर करायची वेळ आली तेव्हा सगळ्यात आधी हात त्यांचाच वर गेला. त्यांच्याकडे बघून मग बाकीचे. सातवीतल्या एका मुलीनंही हात वर केला, तिला शेजारणीनं खाली ओढलं.

चाकूरला थांबलेलं बोअरचं मशीन दुपारी आलं. ट्रकची मागची चाकं बालाघाटावर चढली आणि काळे दगड कडाकडा फुटले. गुरुजींनी पोरांना मागे घेतलं, स्वतः मात्र कडुनिंबाला टेकून उभे. मशीनवरची माणसं तमिळ, त्यांना काय ठाऊक ते कशावर उभे आहेत. गावानं नारळ फोडला आणि आवाज सुरू झाला. कानठळ्या बसवणारा. दांड्यामागून दांडा आत जात होता आणि भोकातून राखाडी भुकटी उडत होती. औसा, निलंगा, उदगीर एकेक करून दिसेनासे झाले. आमच्या केसांत, दातांत, पापण्यांवर दगडाचं पीठ. काकू घरातून बाहेर आल्याच नाहीत.

मग आवाज बदलला. भुकटी ओली झाली, गढूळ फवारा उसळला आणि सगळं गाव ओरडलं. पाणी! बायका घागरी घेऊन धावल्या. पण गुरुजी भलतीकडेच बघत होते. बालाघाटात लागलेलं ते मळकट पाणी उताराच्या शोधात होतं आणि त्याला चर सापडला होता.

"पोरांनो, हिकडं! हिकडं बघा!" त्या गोंगाटात गुरुजी घसा फोडून ओरडत होते. टोपी कुठं पडली होती कोण जाणे. "मांजरा निघाली! ही बघा, तेरणेची वाट बघतीया... आता बीदर... आता वळंल बघा! उत्तरेला! वळली! वळली का न्हाई?"

"वळली गुरुजी!" सातवीचा वर्ग चराच्या काठाकाठानं पळत होता. पाणी कडुनिंबाशी आलं, रांजणाच्या तोंडाशी क्षणभर थबकलं आणि गोदावरीत पडलं. मी इतकी वर्षं नद्या शिकवल्या. नदी वळताना पाहून रडायला येतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

घागरी नीट भरायच्या आतच पाणी बारीक झालं. मग चिखल, मग पुन्हा भुकटी. मशीनवाल्यांनी आणखी खोल जाऊन पाहिलं. कोरडा दगड. संध्याकाळी त्यांनी दांडे काढले आणि ट्रक निघून गेला. माधवराव भोकाशी उकिडवा बसला होता. गुरुजी त्याच्याजवळ गेले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुजं काय चुकलं न्हाई." लोक तसेच टँकरच्या वाटेला जाऊन बसले.

सकाळी मी निघायच्या तयारीनं शाळेत गेले. अंगण राखाडी झालं होतं. डोंगर नाही, चर नाही, विटा नाहीत. गोट्याएवढंही काही ओळखू येईना. सातवीची मुलं कडेला उभी होती आणि गुरुजी पायरीवर बसलेले. मला वाटलं, माणूस एका रात्रीत म्हातारा झाला. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"जुना जिल्हा तर गेलाच हुता," ते म्हणाले. "मीच धरून बसलो हुतो. आता ह्या पोरांबर नवा करीन म्हनतो. पन ह्ये भोक मदीच पडलंय. ह्येचं काय करावं? बुजवावं तर दगडात बुजत न्हाई."

मुलं भोकाभोवती जमली. वाकून आत बघू लागली. काल मत द्यायला हात वर केलेली मुलगी, तिचं नाव रुक्मीण, कुठूनशी एक चपटी फरशी घेऊन आली. ती तिनं भोकावर नीट बसवली, हातानं वरची भुकटी पुसली.

"गुरुजी," ती म्हणाली, "ह्ये आपलं गाव."

गुरुजी उठले, धोतर झटकलं, आणि त्या फरशीजवळ जाऊन उभे राहिले. तिथून त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा कडुनिंबाकडे.

"मंग उदगीर त्या निंबाखाली येतंय," ते म्हणाले. "आणि लातूर हिकडं, पायरीपाशी. चला. हितनंच सुरू करू."